‘बस’ म्हटल्यानंतर

रविवारी सकाळी अकरा वाजून बावीस मिनिटांनी शेवटचा लाल चेंडू निळ्या चेंडूच्या उजव्या अंगाने निसटला, पांढऱ्या चेंडूला टेकला आणि थांबला. पंचांनी वाकून पाहिलं. मोजपट्टी काढायची गरज पडली नाही. त्यांनी लाल पाटी वर केली. चार-तीन.

हॉलमध्ये साठेक माणसं होती, त्यांतल्या बहुतेकांनी टाळ्या वाजवल्या. लाल चेंडूंची खेळाडू चाकाच्या खुर्चीत होती. तिच्या कपाळाला पट्ट्याने बांधलेली दांडी अजून हवेत तशीच होती. तिच्यासमोर कोर्टाकडे पाठ करून, स्टुलावर एक एकसष्ट वर्षांचा गृहस्थ बसला होता. चेंडू थांबलेला त्याला दिसायला नको होता. नियमच तसा आहे. त्याला तो दिसला.

या खेळाला बोचिया म्हणतात. कोर्ट बॅडमिंटनच्या कोर्टाएवढं, जाळी नाही. आधी एक पांढरा चेंडू टाकायचा, मग एकाने सहा लाल आणि दुसऱ्याने सहा निळे टाकायचे. ज्याचा चेंडू पांढऱ्याच्या जवळ, त्याला गुण. अशा चार फेऱ्या. ज्यांचे हात चेंडू धरू शकत नाहीत, ते उतरत्या पन्हळीसारख्या रॅम्पवरून तो सोडतात. रॅम्प हलवायला, चेंडू ठेवायला एक मदतनीस असतो. त्याने खेळाडूकडे तोंड करून बसायचं, कोर्टाकडे बघायचं नाही, बोलायचं नाही आणि खेळाडू सांगेल तेवढंच करायचं. खेळ खेळाडूच्या डोक्यात असतो, मदतनीस फक्त तिचे हात.

मदतनिसाला सगळे मास्तर म्हणत. मास्तर शाळेत नव्हते. मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सव्वीस वर्षं शिकवत होते. शिकाऊ माणूस स्टिअरिंगवर आणि मास्तर शेजारच्या सीटवर, पायाखाली दुसरा ब्रेक. त्यांच्या हाताखालून साडेचार हजार माणसं गाडी शिकून गेली आणि त्यांच्या सीटवर असताना एकाही गाडीला पोचा आला नाही, हे ते स्वतः कधी सांगत नसत. पण कुणी सांगितलं तर अडवतही नसत. निवृत्त होऊन दीड वर्ष झालं होतं. अजूनही रिक्षात बसले की त्यांचा उजवा पाय तळाची पत्र्याची जमीन दाबत असे.

त्यांना इथे आणलं कोचने. कोच एका शाळेत पी.टी. शिकवतो आणि शनिवार-रविवार या हॉलमध्ये बोचिया. त्याने मास्तरांकडे गाडी शिकली होती आणि रिव्हर्समध्ये तीनदा नापास झाला होता. गेल्या वर्षी बँकेच्या रांगेत दोघांची गाठ पडली.

"मास्तर, शनिवारी दोन तास येता का? काम काही नाही. पाठ करून बसायचं फक्त."

"तू रिव्हर्स घ्यायचास तसं?"

"तसंच. फक्त इथे मागे बघितलं तर नापास."

मास्तर आले. त्यांची समजूत अशी की खुर्च्या ढकलायच्या, पाणी द्यायचं, चार गोड शब्द बोलायचे. त्यांना नेमून दिलं ताईकडे.

ताई चौतीस वर्षांची. स्नायूंच्या आजारामुळे मानेखाली तिचं अंग फारसं हलत नाही. उजव्या हाताची दोन बोटं तेवढी खुर्चीची कळ सांभाळतात. ती घरून नोकरी करते, एका लिफ्ट कंपनीच्या तक्रार केंद्रात. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं फोन करतात तेव्हा कानाला लावलेल्या यंत्रातून त्यांच्याशी बोलणारा आवाज तिचा असतो. ‘बटणं दाबू नका. दार ओढू नका. तुम्ही काहीही न करणं हेच आत्ता करायचं आहे.’ हे वाक्य ती दिवसाला आठ-दहा वेळा म्हणते.

पहिल्याच शनिवारी तिच्या कपाळावरून एक केस डोळ्यापाशी आला होता. मास्तरांनी हात पुढे करून तो अलगद बाजूला सारला.

ताई म्हणाली, "तो केस मला त्रास देत होता असं मी म्हटलं का?"

"नाही, म्हणजे मला वाटलं..."

"हं. तो तुम्हाला त्रास देत होता."

मग मास्तरांनी मागे उभ्या असलेल्या आईला विचारलं, "हिला पाणी देऊ का?" आईने उत्तर दिलं नाही. मुलीकडे बोट केलं, म्हणजे तिलाच विचारा. मास्तरांनी विचारलं. ताई म्हणाली, "नको, पण विचारल्याबद्दल थँक्यू. दुसऱ्यांदा विचारल्याबद्दल."

आई नऊ वर्षं स्वतः स्टुलावर बसत होती. खांद्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केली. मुलीला उचलण्यापुढे रॅम्प उचलणं काहीच नव्हतं, पण दोन्ही बंद करायला सांगितलं होतं. उचलण्यासाठी घरी बाई ठेवली. रॅम्पसाठी मास्तर आले.

रॅम्पला आई ‘घसरगुंडी’ म्हणायची. मायलेकींनी नऊ वर्षांत स्वतःची मापं तयार केली होती: केस, तीळ, बोट आणि वीत. ‘एक तीळ उजवीकडे’ म्हटलं की आईचा हात बरोबर तेवढाच हलायचा. मास्तरांचा तीळ मोठा निघाला.

"मास्तर, हा तीळ नाही, वाटाणा आहे," ताई म्हणाली.

"आमच्याकडे एवढाच मिळतो."

"मग दुकान बदला."

शेवटी आईने रॅम्पच्या पायथ्याशी फरशीवर चिकटपट्टी लावली आणि पेनाने तिळातिळाच्या रेघा मारून दिल्या. दुसरी अडचण उजव्या-डाव्याची. सव्वीस वर्षं मास्तर आणि शिकणारा माणूस एकाच दिशेला तोंड करून बसले होते. दोघांचं उजवं एक. इथे ते ताईच्या समोर. तिचं उजवं ते त्यांचं डावं. पहिले दोन महिने निम्मे चेंडू उलट गेले. तेव्हा ठरलं, उजवं म्हणजे कायम ताईचं उजवं. मास्तरांचं उजवं या हॉलमध्ये नाहीच. मास्तरांनी डाव्या मनगटावर घड्याळ होतं ते उजव्यावर बांधलं आणि तेव्हापासून जमलं.

तिसरी गोष्ट ठरली ती ‘बस’.

क्रम असा. मास्तर चेंडू रॅम्पवर ठेवणार, ताई कपाळाच्या दांडीने तो अडवून धरणार. मग ती सांगेल तसा रॅम्प इकडेतिकडे, चेंडू वर-खाली. मनासारखं झालं की ती म्हणणार, ‘बस’. त्यानंतर ती एक श्वास घेते, नेम पुन्हा एकदा बघते आणि दांडी उचलते. चेंडू सुटतो. या ‘बस’ आणि दांडी उचलण्याच्या मधे दोन-तीन सेकंद जातात. त्या वेळात मदतनिसाने काहीही करायचं नाही.

मास्तरांचे हात त्या दोन-तीन सेकंदांत स्वस्थ राहत नसत. रॅम्पची कड पुसत, बोल्ट चाचपत. आईने एकदा पाहिलं आणि सांगितलं, "अहो मास्तर, ती ‘बस’ म्हणते ते तुमच्या हातांना म्हणते. त्यांना बसवा. दोन्ही हात गुडघ्यांवर, शाळेत फोटो काढताना बसतात तसे."

तसं ते बसू लागले. आठ महिने बसले.

*

रविवारचा सामना उपांत्य फेरीचा. जिंकणारा अंतिम फेरीत जाणार होता, पण खरा प्रश्न तो नव्हता. अंतिम फेरीतले दोन्ही खेळाडू दुसऱ्या शहरातल्या निवासी शिबिरात जाणार होते. चाळीस दिवस. राहण्याची, उचलण्या-बसवण्याची, रात्री कूस बदलण्याची सगळी सोय तिथल्या प्रशिक्षित माणसांकडे. सोबत फक्त मदतनीस. घरच्यांना प्रवेश नाही. ताई चौतीस वर्षांत आईपासून एक रात्रही लांब झोपलेली नव्हती. शिबिराचं पत्रक आलं तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "चाळीस दिवस माझ्या बाजूने भांडण करायला आई नसेल. मला स्वतः करावं लागेल. मजा येईल." आईने ते ऐकलं आणि माळ्यावरून बॅग काढायला सांगितली.

समोरचा खेळाडू करसल्लागार होता, पन्नाशीचा, अकरा वर्षं खेळणारा. त्याच्या स्टुलावर त्याची बायको बसायची. दोघांचं इतकं जमलेलं की तो फक्त भुवई हलवायचा आणि रॅम्प सरकायचा. कोच म्हणायचा, संसारात असं कुणाचं दिसत नाही.

तीन फेऱ्यांनंतर तीन-तीन. चौथ्या फेरीत करसल्लागाराचे सहाही चेंडू संपले तेव्हा त्याचा एक निळा चेंडू पांढऱ्यापासून वीतभर अलीकडे, जवळजवळ समोर उभा होता. ताईकडे एक चेंडू उरला होता आणि घड्याळात एकतीस सेकंद.

"ढिला द्या," ती म्हणाली.

चेंडू कातड्याचे असतात, काही टणक, काही ढिले. ढिला चेंडू आदळला की पुढे पळत नाही, बसतो. मास्तरांनी ढिला चेंडू ठेवला. ताईने दांडी टेकवली.

"एक बोट डावीकडे. दोन तीळ वर. एक तीळ डावीकडे."

ताईच्या पाठीमागे हॉलचं ऑफिस होतं. रविवार असल्यामुळे आत अंधार, आणि दर्शनी भिंत पूर्ण काचेची. आत अंधार आणि बाहेर दिवे असले की काचेचा आरसा होतो, म्हणून आयोजकांनी सकाळी काचांवर सामन्यांच्या तक्त्यांचे कागद चिकटवले होते. तिसऱ्या फेरीनंतर मधल्या कागदाचा वरचा कोपरा पंख्याने सुटला आणि खाली लोंबला. पंचांचं लक्ष कोर्टावर होतं. त्या मोकळ्या तुकड्यात मास्तरांना पांढरा चेंडू दिसला, निळा दिसला आणि आपल्याच पाठीमागून निघालेली रॅम्पची रेघ दिसली. रेघ सरळ निळ्या चेंडूवर जात होती.

"बस," ताई म्हणाली.

मास्तरांनी हात गुडघ्यांवर घेतले. म्हणजे एक घेतला.

समोरून ट्रक येताना शिकाऊ माणूस स्टिअरिंग फिरवायचं विसरतो, तेव्हा जे सव्वीस वर्षं घडत आलं ते घडलं. उजव्या हाताच्या अंगठ्याने रॅम्पची कड ढकलली. एक तीळ, चिकटपट्टीवरच्या रेघेप्रमाणे. मास्तरांचा नव्हे, आईचा तीळ.

ताईने दांडी उचलली. चेंडू निळ्याच्या अंगावरून निसटला आणि पांढऱ्याला टेकला.

कुणीही काहीही पाहिलं नाही. गुणपत्रिका आली. खेळाडूला सही करता येत नसेल तर तिच्या सांगण्यावरून मदतनीस करतो. मास्तरांनी पेन हातात घेतलं आणि ताईकडे पाहिलं. ती काही वेळ गप्प होती. कोचच्या आठवणीप्रमाणे पाच सेकंद, आईच्या आठवणीप्रमाणे अजिबात नाही.

मग ती म्हणाली, "करा सही."

अंतिम सामना दुपारी झाला. तो ताई हरली, पण शिबिरात जायला अंतिम फेरी पुरेशी होती. घरी जाताना गाडीत आई एकटीच बोलत होती.

*

सोमवारी सकाळी नऊ चाळीसला मास्तरांचा फोन वाजला.

"मास्तर, काल शेवटच्या चेंडूला मी ‘बस’ म्हटल्यावर तुमचे हात कुठे होते?"

"गुडघ्यांवर."

"दोन्ही?"

पलीकडे तिच्या ऑफिसच्या दुसऱ्या फोनची घंटी वाजत होती. ती तिने वाजू दिली.

"डावा होता," मास्तर म्हणाले.

"मला वाटलंच. दांडी माझ्या कपाळाला बांधलेली असते. रॅम्प केसभर हलला तरी कवटीत कळतं."

"ताई, काच... त्या काचेत दिसलं मला. तुमचा नेम सरळ निळ्यावर होता."

"निळ्यावरच होता."

"म्हणजे?"

"मी ढिला चेंडू का मागितला, मास्तर? निळ्याला डाव्या अंगाने धक्का मारून बाहेर काढायचं आणि आपण त्याच्या जागी बसायचं. नऊ वर्षांत मी तो फटका हजारदा मारलाय. तुम्ही आलात तेव्हापासूनही मारलाय. तुमची पाठ होती, म्हणून तुम्हाला दिसला नाही."

मास्तरांनी चपला पायात सरकवल्या. मग म्हणाले, "मी आत्ता येतो."

"आत्ता नको, माझी ड्युटी आहे. पाचला या. पेन आणा, आमच्या घरातली सगळी वाळली आहेत."

पाच वाजता मास्तर आले तेव्हा आई दारातच उभी होती. तिला सगळं कळलं होतं आणि ती मुलीवर चिडली होती, पण राग निघाला मास्तरांवर.

"तुम्ही तरी तिला सांगा. कोणी बघितलं नाही, कोणाची तक्रार नाही. जिंकली ना? मग आपणच आपल्या पायावर धोंडा कशाला मारून घ्यायचा?"

"माझ्या पायावर मारून काय होणार आहे, आई?" आतून आवाज आला. "तो तसाही चालत नाही."

"हे बघा. हे असले विनोद."

मास्तरांनी जेवणाच्या टेबलावर कागद घेतला. कोचने तक्रारीचा छापील अर्ज पाठवला होता, पण त्यात एकच रकाना होता: ‘विरुद्ध खेळाडूकडून झालेला नियमभंग’. स्वतःची तक्रार करायला जागा नव्हती. म्हणून साधं पत्र. ताई सांगू लागली, मास्तर लिहू लागले. त्यांचं अक्षर मोठं आणि गोल होतं.

"‘...खेळाडूने सूचना दिली नसताना मदतनिसाने रॅम्प उजवीकडे हलवला.’ पूर्णविराम."

मास्तरांनी पूर्णविराम दिला नाही. त्याआधी एक शब्द घातला.

"काय लिहिलंत?"

"‘अनवधानाने’."

"अनवधानाने होतं?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "नाही. मी बघून हलवला."

"मग खोडा. अनवधान असतं तर बरं झालं असतं. तुमचं नको तेवढं अवधान होतं."

त्यांनी तो शब्द खोडला. ताई पुढे सांगू लागली, "आता नवीन परिच्छेद. ‘रॅम्प हलल्याचे मला दांडीतून त्याच क्षणी समजले. घड्याळात चार सेकंद होते. पुन्हा नेम लावण्याएवढा वेळ नव्हता. चेंडू न सोडणे मला शक्य होते. मी सोडला. नंतर सही करण्यासही मीच सांगितले.’"

मास्तरांचं पेन मधेच थांबलं. "हे कशाला? हलवला मी. माझ्यावर येऊ दे सगळं. फार तर मला काढतील. तुमचं नाव राहील."

"मास्तर."

"मी म्हातारा माणूस आहे, मला काय फरक..."

"मास्तर, तुम्ही परत ब्रेक मारताय."

आई ओट्यापाशी उभी होती. तिने नळ बंद केला. मग मास्तरांनी तो परिच्छेद लिहिला, ती सांगेल तसा, एकही शब्द न बदलता. लिहून झाल्यावर कागद तिच्यासमोर धरला. तिने दोनदा वाचला.

"‘समजले’ला काना जास्त झालाय. ‘समाजले’ झालंय."

"घाई झाली."

"राहू द्या. समाजालाही समजू दे."

आईला हसू आलं. ते तिने पदराने पुसल्यासारखं केलं आणि म्हणाली, "दोघांना चहा देते, मग काय तो आत्मघात करा."

*

कोचला पत्र आवडलं नाही. बुधवारी संध्याकाळी त्याने दोघांना हॉलवर बोलावलं. प्रत्येक सामन्याच्या शेवटच्या चेंडूआधी तो कोर्टाचा फोटो काढतो. तो फोटो बघून त्याने मोजपट्टीने पांढरा चेंडू ठेवला, वीतभर अलीकडे निळा ठेवला आणि बाकीचे चेंडू जागच्या जागी लावले. त्याला वीस मिनिटं लागली. ऑफिसच्या काचेवर त्याने स्वतःच्या हाताने नवा कागद लावला, चारी कोपऱ्यांना पट्टी.

"ताई, तुझा फटका मार. तू म्हणतेस तोच. दहा वेळा," तो म्हणाला. "मग बोलू."

मास्तर स्टुलावर बसले. ढिला चेंडू ठेवला. "एक बोट डावीकडे. दोन तीळ वर. एक तीळ डावीकडे. बस." हात गुडघ्यांवर. दांडी उचलली. मागे चेंडूवर चेंडू आदळल्याचा बद्द आवाज आला. मास्तरांची मान ताठ होती. ताईच्या चेहऱ्यावरून त्यांना काही कळेना; ती चेंडू जाताना पापणीही हलवत नाही.

"जिंकली," कोच ओरडला. त्याने चेंडू पुन्हा जागेवर ठेवले. पुन्हा. पुन्हा. प्रत्येक वेळी मास्तरांनी रॅम्प बाजूला वळवून परत आणला, नियमात आहे तसा, नाहीतर जुनाच नेम तसाच राहतो. सातव्या चेंडूनंतर ताई म्हणाली, "मास्तर, श्वास घ्या. फटका मी मारतेय."

दहा झाले. सहा वेळा निळा चेंडू बाहेर गेला आणि लाल त्याच्या जागी बसला. चार वेळा नाही.

"सहा!" कोच म्हणाला. "दहापैकी सहा. म्हणजे तू तशीही जिंकलीच असतीस. मग पत्राचा प्रश्नच कुठे येतो?"

"आणि चार वेळा हरले असते."

"पण जास्त वेळा..."

"सर, रविवारी मी दहा चेंडू टाकले नाहीत. एक टाकायचा होता." तिचा आवाज चढला नव्हता. "तो सहांतला होता की चारांतला, ते मला कधीच कळणार नाही. हरले असते तरी चाललं असतं. कळलं तरी असतं."

कोचने मोजपट्टी गुंडाळली. मास्तर अजून पाठ करूनच बसले होते. फेरी संपली असं कुणी म्हटलं नव्हतं.

"मास्तर, वळा आता," ताई म्हणाली.

मास्तर वळले नाहीत. ते म्हणाले, "साडेचार हजार माणसं गेली माझ्या हाताखालून. एकालाही पोचा आला नाही. मी ते माझं कसब समजत होतो." मग म्हणाले, "त्यातले किती जण माझ्याशिवाय वाचले असते, ते मी कधी बघितलंच नाही."

"मी नसतो वाचलो," कोच म्हणाला. "एकदा मी खरंच भिंतीत घालत होतो."

"तू वेगळा. तुझ्यासाठी तिसरा ब्रेक लागला असता."

त्या संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पत्र आयोजकांच्या कार्यालयात दिलं गेलं. पोच घेतली. पत्रावर खेळाडूच्या सहीच्या जागी मास्तरांनी सही केली आणि खाली मदतनिसाच्या जागीही मास्तरांनीच केली. कारकुनाने विचारलं, दोन्ही सह्या एकाच माणसाच्या कशा? मास्तर म्हणाले, "वरची त्यांनी केली आहे. हात माझा आहे."

*

पत्रावर काय करायचं हे समितीला लगेच ठरवता आलं नाही. गुणपत्रिकेवर सह्या झाल्यावर निकाल बदलत नाही, असं एक कलम सांगतं. मदतनिसाने सूचनेशिवाय रॅम्प हलवला तर विरुद्ध खेळाडूला एक जादा चेंडू मिळतो, असं दुसरं सांगतं. पण तो त्याच फेरीत द्यायचा असतो आणि ती फेरी संपून चार दिवस झाले होते. समितीने करसल्लागाराचं म्हणणं मागवलं.

शुक्रवारी त्याने ताईला फोन केला. तिने तो स्पीकरवर घेतला, त्यामुळे आईनेही ऐकला.

"अकरा वर्षं खेळतोय," तो म्हणाला. "माझ्याविरुद्ध तक्रारी पुष्कळ झाल्या. स्वतःविरुद्ध करणारी तुम्ही पहिलीच. माझी बायको म्हणते, या बाईंकडे आयकराचं काम असेल तर फुकट करून दे."

"तुम्ही काय कळवणार आहात?"

"मला जागा आयती नको. माझा एक जादा चेंडू आहे ना नियमाने? तो मला टाकू द्या. चेंडू तुमच्या कोचच्या फोटोत आहेत तसे लावा, तुमचा लाल पांढऱ्याला टेकलेलाच असू दे. मी एक टाकतो. काढला तर माझी जागा. नाही काढता आला, तर तुमची." तो थांबला. "हेच लिहून पाठवतोय. ते मान्य करतील असं वाटत नाही. असलं कलम कुठेच नाही."

"मला मान्य आहे," ताई म्हणाली.

फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "टेकलेला चेंडू कोण काढू शकतं?"

"हा काढू शकतो. तीनांतून एकदा."

समितीने सोमवारी संध्याकाळपर्यंत कळवतो असं सांगितलं. सोमवारी कळवलं नाही. मंगळवारी सकाळी अकराला शिबिराची यादी फलकावर लागली. या गटात दोन जागा आहेत. पहिल्या जागेपुढे अंतिम सामना जिंकलेल्याचं नाव आहे. दुसऱ्या जागेपुढे ‘निर्णय प्रलंबित’ असं टाइप केलेलं आहे. मदतनिसांच्या वेगळ्या यादीतही तेच दोन शब्द आहेत. कोचने त्याचा फोटो काढून पाठवला.

शनिवारी सराव झाला. मास्तर पावणेनऊलाच आले होते. त्यांनी रॅम्पच्या पायथ्याची चिकटपट्टी काढून नवी लावली. रेघा आईने मारल्या, दुखऱ्या खांद्याचा हात टेबलावर टेकवून. ताईने चोवीस चेंडू टाकले. चोवीस वेळा ‘बस’ म्हटलं.

शिबिर येत्या गुरुवारी सुरू होणार आहे. बॅग ताईच्या पलंगाशेजारी आहे. आईने ती भरलेली आहे आणि अजून कुणी रिकामी केलेली नाही.